टाउन हॉलची प्रत्येक रेघ

हार्टवेलमध्ये आजही कोणालाही विचारा, टाउन हॉल कोणी बिघडवला, तर शेंबडं पोरही सांगेल, "त्या ऑस्ट्रियन मार्किवनं." कोणी बांधला म्हणून विचारलंत तर डोकं खाजवतील आणि कोनशिलेकडे बोट दाखवतील. तिथे मेयर डनफोर्ड, कंत्राटदार आणि हर्बर्ट क्राउदर अशी तीन नावं कोरलेली आहेत. तेओफिल मार्किव ऑस्ट्रियन नव्हतेच. ते आणि मी, दोघंही गॅलिशियातले, घरात युक्रेनी बोलणारे. आमच्या गावांवर त्या काळी ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य होतं, एवढाच काय तो आमचा संबंध. हे मी लोकांना सांगून थकले. बाकीचं मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझाही हात आहे.

माझं नाव पारास्का दुत्चाक. क्राउदरच्या ऑफिसात मला पॉली म्हणत, कारण पारास्का म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. १९०९ साली, एकोणीस वर्षांची असताना मी तिथे ट्रेसर म्हणून लागले. दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. त्या कापडावरून मग गवंड्यांसाठी निळ्या प्रती निघत. डोकं चालवायचं नाही, हात हलू द्यायचा नाही आणि शिंकायचं नाही. बाबा म्हणायचे, "एवढी शिकवली ती लोकांच्या रेघा गिरवायला?" मी म्हणायचे, "डुकरांना खायला घालण्यापेक्षा बरं."

ऑफिसच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'एच. क्राउदर, आर्किटेक्ट'. क्राउदर इंग्लंडहून आलेला. तिकडे त्याच्या चुलत्याची वीटभट्टी होती, बांधकामाशी त्याचा संबंध तेवढाच. इथे येऊन त्यानं आधी प्लॉट विकले, मग विमे विकले, आणि रेल्वे आल्यावर गाव वाढायला लागलं तसा आर्किटेक्ट झाला. पट्टी धरूनही त्याला सरळ रेघ येत नसे. पण माणूस गोड. मेयरशी पत्ते खेळायचा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचा, कोणाच्या बायकोचा वाढदिवस कधी ते त्याला तोंडपाठ. या गावात तेवढं पुरत असे.

मार्किवसाहेब आमच्याकडच्या ल्विव शहरात पाच वर्षं बांधकाम शिकलेले. आमची माणसं त्यांना इंजिनियरसाहेब म्हणत. हार्टवेलला आल्या आल्या त्यांनी आसपासच्या खेड्यांतून आमच्या लोकांना चर्चं बांधून दिली, कांद्यासारख्या घुमटांची. मोबदल्यात कुठे पीठ मिळालं, कुठे डुकराची चरबी, आणि एका गावानं तर आंधळा घोडा दिला. त्यांची बायको युस्तिनाकाकू त्या घोड्याची गोष्ट कोणीही आलं की सांगायच्या. "घोड्याला दिसत असतं तर तो यांच्याकडे आलाच नसता," असं म्हणून नवऱ्याकडे बघायच्या. शेवटी पोटासाठी साहेब क्राउदरकडे आले. क्राउदरनं त्यांचं पहिल्याच दिवशी 'मार्क' करून टाकलं.

तेव्हापासून रीत ठरून गेली. नकाशे साहेब काढणार, सही क्राउदर करणार. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशा कोणी काढला, कोणी गिरवला, कोणी तपासला, हे तिथे लिहायचं. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी एच. सी., म्हणजे हर्बर्ट क्राउदर. माझी गिरवणारणीची जागासुद्धा त्या माणसानं सोडली नाही.

१९११ साली प्रांतात कायदा आला. सरकारी यादीत नाव असेल त्यानंच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं, बाकीच्यांनी काढलेला नकाशा कोणी हातात घ्यायचा नाही. ज्यांच्या दारावर आधीपासून पाटी होती त्यांना परीक्षा माफ. क्राउदर एका दुपारी गेला आणि कायद्यानं आर्किटेक्ट होऊन परत आला. साहेबांनीही अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की परदेशी प्रमाणपत्र चालणार नाही, स्वतःच्या नावावर उभी असलेली एक तरी विटा-दगडांची पक्की इमारत दाखवा, मग विचार करू.

एक तरी! तोवर साहेबांनी हार्टवेलमध्ये दोन बँका, एक शाळा आणि एक हॉटेल उभं केलं होतं. कागदावर सगळं क्राउदरचं. साहेब त्याच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, या इमारती मी काढल्या असं एक पत्र द्याल का?"

"अरे मार्क, दिलं असतं रे," क्राउदर खो खो हसत म्हणाला. "पण मग लोक मला विचारतील ना, की तू इतकी वर्षं काय करत होतास?"

साहेबही थोडं हसले. नोकर माणसाला हसावं लागतं. परत आपल्या टेबलाशी येऊन त्यांनी अर्धवट राहिलेला जिना पुरा केला. मला त्या दिवशी क्राउदरचा इतका संताप आला की मी शाईची दौत त्याच्या टोपीत ओतायची एवढंच बाकी ठेवलं होतं.

मग १९१२ साल उजाडलं आणि गावाला वेड लागलं. गव्हाच्या शेतांतून प्लॉट पाडले जात होते. विनिपेगसारख्या मोठ्या शहराला आहे ते सगळं हार्टवेलला पाहिजे, आणि एक वीत जास्तच पाहिजे. मेयर डनफोर्डनं टाउन हॉल बांधायचं ठरवलं. लोकांनी मत देऊन खर्चाचा आकडा मंजूर केला. त्यापेक्षा एक डॉलर वाढवायचा तर पुन्हा मतदान, म्हणजे तो वाढणार नव्हता.

साहेबांनी त्या हॉलवर जीव ओतला. मी तो नकाशा कागदावर उगवताना पाहिला. घंटेचा टॉवर असा, की गाडीतून येणाऱ्याला दहा मैलांवरून दिसावा. पूर्वेच्या जिन्यावर अशा खिडक्या, की जानेवारीतसुद्धा पायऱ्यांवर ऊन पडावं. पण सगळ्यात आधी त्यांनी पाया काढला. त्यासाठी ते स्वतः दोन माणसं आणि गिरमीट घेऊन आठवडाभर त्या जागेवर भोकं पाडत होते. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत काळ्या चिकणमातीत माखून यायचे. अडतीस फुटांवर कडक थर लागला. त्यांनी काँक्रीटचे खांब तिथपर्यंत नेले.

क्राउदर तो नकाशा घेऊन मेयरकडे गेला आणि तसाच परत आला.

"मार्क, हे अडतीस फूट काय काढलंयस? टाउन हॉल बांधायचाय का विहीर खणायचीय?"

"साहेब, ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वजन कडक थरावर टेकलं नाही तर भिंती उलतील."

"अख्खं गाव याच मातीवर उभं आहे."

"अख्खं गाव लाकडाचं आहे. लाकूड सांभाळून घेतं. दगड घेत नाही."

"हे बघ, मेयरला पुढे सहा दगडी खांब हवेत. टॉवर तर हवाच. आणि पैसे तेवढेच. जमिनीखालचं बघायला कोण येतंय? नऊ फुटांवर पाया काढ."

साहेबांनी काढला नाही. दोन दिवस ते नुसते बसून राहिले. पेन्सिली तासल्या, टेबल पुसलं, खिडकीबाहेर बघितलं. नोकरी जाणार असं मी धरूनच चालले होते. तिसऱ्या दिवशी क्राउदर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसला. एरवी तो कधी कोणाच्या टेबलाशी बसायचा नाही.

"मार्क, कोनशिलेवर तुझं नाव घालतो," तो म्हणाला. "क्राउदर आणि मार्किव, आर्किटेक्ट. मेयरशी बोललोय मी. एकदा दगडावर नाव आलं, की ती यादीवाली मंडळी काय म्हणतात तेच बघू. फक्त पाया नऊ फूट."

मी मान वर केली नाही, पण माझा हात थांबला होता. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"लेखी द्याल?"

"माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?"

"तसं नाही, साहेब."

त्या 'तसं नाही'ला मी पुढे किती शिव्या घातल्या असतील! नाही भरवसा, असं त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. पण परक्या मुलुखात परक्याची भाकरी खाणारा माणूस असं म्हणत नाही. साहेबांनी नवा कागद लावला आणि नऊ फुटांचा पाया स्वतःच्या हातानं काढला. मी तो गिरवला. दुपारी कांदा-भाकरी खाताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नऊ फूटसुद्धा टिकतात, पोरी. पाऊसपाणी दर वर्षी सारखं राहिलं तर टिकतात." इथे पाऊस दर वर्षी सारखा पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्यांनीही पाहिलं नव्हतं.

कोनशिलेच्या दिवशी बँड होता, झेंडे होते, शाळेची पोरं रांगेत उभी. युस्तिनाकाकूंनी नवी हॅट घातली होती. एरवी त्या म्हणायच्या, "दगडावर नाव कोरल्यानं चूल पेटते का?" पण त्या दिवशी नवऱ्याचा कोट त्यांनी तीनदा झटकला. मेयरनं कापड ओढलं. नावं तीन होती.

"तुमचं कुठंय?" काकूंनी भर समारंभात युक्रेनीत विचारलं, मोठ्यानं.

"मागच्या बाजूला असेल," साहेब हळूच म्हणाले.

"मागची बाजू भिंतीत जाणार, शहाणे!"

आमच्या पुढची इंग्रज बाई वळून म्हणाली, "श्श!" काकूंनी हॅट काढून काखेत मारली आणि त्या तडक घरी चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी क्राउदर म्हणाला, मेयरनं ऐन वेळी नाव खोडलं, दगडावर जागा पुरेना. सहा खांबांना जागा पुरली होती.

तुम्ही म्हणाल, मग साहेब सोडून का नाही गेले? गेले असते. रेजायना शहरातल्या एका ठेकेदाराशी बोलणंही झालं होतं. पण पुढच्या वर्षी तेजीचा फुगा फुटला. प्लॉटांच्या खुंट्यांमधून पुन्हा गहू उगवला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाशी युद्ध लागलं. बादशहाच्या कागदांवर आलेले आम्ही सगळे एका दिवसात शत्रू ठरलो. दर महिन्याला पोलीस चौकीत जाऊन हजेरी लावायची. चौकी होती टाउन हॉलच्या तळघरात. साहेबांनीच काढलेली ती चौकी, तो लाकडी काउंटरही त्यांचाच. त्या काउंटरसमोर ते टोपी हातात धरून उभे राहायचे, आणि त्यांच्या मागे मी. क्राउदर क्लबात सांगायचा, "शत्रू असूनही ठेवलाय मी त्याला. शेवटी माणुसकी आहे." पगार मात्र त्यानं निम्मा केला.

त्यानंतर साहेबांच्या हातून टाउन हॉलसारखं काही झालं नाही. गोदामं, गॅरेजं, एका खोलीच्या शाळा. दर दोन वर्षांनी ते अर्ज पाठवायचे आणि तेच उत्तर यायचं. तरी रविवारी चर्चहून परतताना ते मुद्दाम टाउन हॉलवरून जायचे. पूर्वेच्या जिन्याकडे बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं बघतात. ते भेगा शोधत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन कोरडे उन्हाळे आले, त्यामागून एक ओला. १९२२च्या शरदात पूर्वेकडची दारं लागेनाशी झाली. नाताळात जिन्याशेजारच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. फेब्रुवारीत छताचा गिलावा झाडूवाल्याच्या खांद्यावर कोसळला आणि त्याचं हाड मोडलं. हॉल बंद झाला. गावानं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले. वर्तमानपत्रं रोज विचारू लागली, जबाबदार कोण?

सही क्राउदरची होती. मला मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता भोग. चौकटीत तिन्ही ठिकाणी तुझंच नाव आहे.

चौकशीच्या आधीच्या शुक्रवारी क्राउदर माझ्या टेबलाशी आला. म्हातारा झाला होता, डोळ्यांत पाणी वगैरे.

"पॉली, तुला साक्षीला बोलावतील. तू खरं सांग. इतकी वर्षं मार्कचं श्रेय मी लाटलं. मनाला लागून राहिलंय ग. हॉल त्यानं काढला, हे सगळ्या गावासमोर एकदा होऊन जाऊ दे."

आणि मी, चौदा वर्षं या माणसाला ओळखणारी मी, विरघळले. मला वाटलं, मरण जवळ आलं की माणसाला उपरती होते. मी त्याला चक्क धन्यवाद दिले! आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी चर्च सुटल्यावर मी धावतच साहेबांच्या घरी गेले. ते अंगणात काकूंच्या कोंबड्यांसाठी खुराडं ठोकत होते.

"साहेब, क्राउदर कबूल झाला! मी साक्षीत सांगणार, सगळं तुम्ही काढलंत म्हणून. तोच म्हणाला सांग."

हातोडी थांबली. 

"तो म्हणाला?"

"हो. रडला सुद्धा."

त्यांनी एक खिळा उचलला, तो वाकडा निघाला म्हणून टाकला, दुसरा घेतला. "न्यायाधीश असणार?" त्यांनी विचारलं. "वर्तमानपत्रवाले? मेयर?"

"सगळं गाव असणार."

"मग जे पाहिलंस ते सांग," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले.

चौकशी शाळेच्या सभागृहात झाली. सकाळची वेळ, खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं खिडक्यांत बसलेली. साहेब तिसऱ्या रांगेत, शेजारी काकू. क्राउदरच्या वकिलानं मला उभं केलं.

"मिस दुत्चाक, हार्टवेलच्या टाउन हॉलचे नकाशे कोणी काढले?"

अकरा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. मी छाती भरून श्वास घेतला. "तेओफिल मार्किव यांनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या हॉलची प्रत्येक रेघ मार्किवसाहेबांची आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मीच ती गिरवली."

सभागृहात कुजबुज झाली. मी साहेबांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढा एक क्षण मी आयुष्यात कधी नव्हे इतकी सुखी होते.

"पायासुद्धा?" वकिलानं विचारलं.

"काय?"

"प्रत्येक रेघ म्हणालात. म्हणजे पायासुद्धा मिस्टर मार्किव यांनीच काढला?"

"हो, पण आधी त्यांनी अडतीस फुटांचा काढला होता. मिस्टर क्राउदरनी बदलायला लावला."

"लावला म्हणजे? हात धरून काढून घेतला?"

"नाही."

"मिस्टर मार्किव यांना माहीत होतं की नऊ फूट पुरणार नाहीत?"

"हो! दोन दिवस ते काढायला तयार नव्हते!" मी ओरडलेच. मला वाटत होतं मी त्यांना वाचवते आहे.

"म्हणजे माझ्या अशिलाला या मातीतलं काही कळत नव्हतं, त्यांनी तज्ज्ञावर विश्वास टाकला. आणि तज्ज्ञाला सगळं माहीत होतं. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी का काढला?"

मी क्राउदरकडे पाहिलं. आता मला त्याचा डाव दिसायला लागला होता. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या, बाई. तुम्ही शपथ घेतलेली आहे."

"त्यांना सांगितलं होतं... कोनशिलेवर नाव घालू."

"आपलं नाव दगडावर यावं म्हणून," वकील सगळ्या खिडक्यांकडे तोंड करून म्हणाला, "या गृहस्थांनी जाणूनबुजून कच्चा पाया काढला. माझे प्रश्न संपले."

मी म्हटलं, अहो, वचन क्राउदरनं दिलं होतं, सही त्याची आहे, चौकटीत नाव त्याचं आहे! पण तोवर खिडक्यांतून आरडाओरडा सुरू झाला होता. कोणीतरी ओरडलं, "ऑस्ट्रियाला परत पाठवा!" न्यायाधीशांनी मला खाली बसायला सांगितलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते. क्राउदर रुमालानं डोळे टिपत होता.

अहवाल दहा दिवसांत आला. क्राउदरला 'अतिविश्वास दाखवल्याबद्दल' समज दिली गेली. साहेबांबद्दल लिहिलं होतं, की या इसमाला प्रांतात कुठेही, कोणाच्याही हाताखाली नकाशे काढायला ठेवू नये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारी कागदावर त्यांच्या नावापुढे छापलं गेलं, 'टाउन हॉलचे रचनाकार'. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. त्यानं कोणाचंच भलं झालं नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी घर विकलं. काकूंचा भाऊ साठ मैलांवर शेती करायचा, त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी मी गेले. दारात काकू ट्रंकेला दोरी आवळत होत्या.

"या, सत्यवादी बाई," त्या म्हणाल्या. "घर बुडवलंत, आता बुडालेलं बघायला आलात?"

"काकू, मला माहीत नव्हतं हो. क्राउदर रडला, मला खरंच वाटलं..."

"तुला माहीत नव्हतं. यांना माहीत होतं!" त्यांनी दोरीला असा हिसका दिला की ट्रंक सरकली. "त्या रविवारी तू गेल्यावर मला सांगितलं यांनी, क्राउदरचा डाव आहे म्हणून. मी म्हटलं, मग पोरीला थांबवा, जा तिच्यामागे. गेले नाहीत. विचार त्यांनाच."

साहेब आतल्या रिकाम्या खोलीत खोक्यावर बसले होते. टेबल विकलं होतं, पट्ट्या-कंपास विकले होते. मी दारातच उभी राहिले.

"साहेब, काकू म्हणतात ते खरं? तुम्हाला कळलं होतं?"

"तू 'तो रडला' म्हणालीस तेव्हाच कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी खोटं बोलले असते! बायबलावर हात ठेवून बोलले असते!"

"मला माहीत आहे तू बोलली असतीस." ते जमिनीकडे बघत होते. "म्हणून तर नाही सांगितलं. मला ते ऐकायचं होतं, पोरी. न्यायाधीशासमोर, मेयरसमोर, एकदा. मला वाटलं, मग काय होईल ते होवो. पाया मीच काढला होता, ते काही खोटं नाही. आणि तो झाडूवाला, त्याचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मी भेटून आलो त्याला."

मला त्यांचा राग आला. इतका राग मला क्राउदरचाही कधी आला नव्हता. बायकोचं घर, म्हातारपणाची भाकरी, सगळं या माणसानं एका वाक्यासाठी दिलं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून वदवून घेतलं होतं. 

बाहेर गाडी आली. काकूंनी हाक मारली. साहेब उठले, कोट घातला आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"नीट ऐकू आलं नाही मला तेव्हा," ते म्हणाले. "लोक बोलायला लागले मध्येच. काय म्हणाली होतीस तू? पुन्हा एकदा सांग ना."

मला शब्द न् शब्द पाठ होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, कोणी वकील नव्हता, आणि ते म्हटल्यानं आता कोणाचं काही बिघडणार नव्हतं. ते मान जराशी कलती करून वाट बघत होते.

"गाडीवाला खोळंबलाय, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, टोपी उचलली आणि बाहेर गेले. तीन वर्षांनी ते तिकडेच वारल्याचं काकूंचं पत्र आलं. ते वाक्य मी पुन्हा कधीच कोणासमोर म्हटलेलं नाही.